नव्या गाडीला पॉलिश कशाला, आप्पा?

जळगाव

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आप्पांना हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि आई दोन वाक्यं बोलून फोन ताईकडे देते. म्हणून सगळं लिहूनच सुरतला पाठवते आहे. ताई, आप्पांना मोठ्याने वाचून दाखव.

आप्पा, तुम्ही विचारलंत, "कोरी गाडी आणली अन् लगेच पॉलिशला टाकली?" एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य रंगाची गन हातात धरलेल्या माणसाचा प्रश्न आहे हा. त्याला "हल्ली असंच करतात" असं उत्तर देणं मला जमणार नाही.

आधी गाडीबद्दल. बीएमडब्ल्यूची झेड-४, दोनच माणसांची, वर कापडी टप. बनली ऑस्ट्रियात, ग्राझ गावी. तीन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका रांगेत, ३४० हॉर्सपॉवर. रंग लाल, मेटॅलिक. हिरव्या मॅट रंगातलीही मिळत होती, पण मॅटला पॉलिश करता येत नाही, घासला की तेवढाच भाग चमकून वेगळा दिसतो. ज्याची पुढे निगाच राखता येत नाही असा रंग आपल्या घरात नको, असं मनाशी ठरवलं आणि लाल घेतली. आई, कर्ज आहे, पण दवाखान्यातल्या मशीनचं फिटल्यावरच हे काढलंय. तू काळजी करू नकोस. "इतला पैसा कसाले?" हे तुझं मला इथे ऐकू येतंय. मला ही गाडी कॉलेजात असल्यापासून हवी होती. दुसरं कारण माझ्याकडे नाही.

पुण्याच्या शोरूमला आधीच लेखी कळवलं होतं की गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, पत्र्यावरची पांढरी फिल्म काढायची नाही. गाडी गिऱ्हाइकाला देण्याच्या गडबडीत एकच फडकं चार गाड्यांवर फिरतं. फडक्यात अडकलेला वाळूचा कण प्रत्येक गाडीवर गोलगोल ओरखडे काढतो. सावलीत काही दिसत नाही, पण उन्हात नेली की सगळ्या पत्र्यावर कोळ्याचं जाळं उमटतं. पूजा मात्र यथासांग केली. नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. स्वस्तिक तेवढं बॉनेटऐवजी काचेवर काढलं, कारण ओलं हळद-कुंकू रंगावर राहिलं तर डाग धरतं. आई, चालेल ना तुला?

येताना सांभाळून आले. पहिले २००० किलोमीटर इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या वर न्यायचंच नसतं, त्यामुळे वेगाची भीती बाळगू नका. अजिंठ्याचा घाट उतरताना टप उघडला. दहा सेकंदांत उघडतो, वेग पन्नासच्या आत असला तर चालत्या गाडीतही. फर्दापूरच्या पुढे कपाशीची वेचणी चालली होती, बायका हात वर करून हसत होत्या. पहूर, नेरी करत दिवस मावळायच्या आत घरी.

आता तुमचा प्रश्न. डिटेलिंगवाल्या, म्हणजे गाडीच्या रंगाची साफसफाई आणि पॉलिश करणाऱ्या पोराने सगळ्यात आधी गाडीवर फेस मारला. दहा मिनिटं तसाच राहू दिला, मग पाणी. हात लावायच्या आधीच निम्मी धूळ खाली. नंतर दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळायची, दोन्हींच्या तळाशी जाळी. मग एक औषध फवारलं. पांढरं पाणीच वाटलं, पण थोड्या वेळात पत्र्यावरून जांभळे ओघळ उतरायला लागले. ब्रेक घासून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात, ते त्या औषधाने विरघळतात. कोरी गाडी, आप्पा! जहाजातून आली, ट्रेलरवरून आली, यार्डात उभी राहिली. ते सगळं अंगावर घेऊनच ती शोरूममध्ये पोचते.

यानंतर त्याने जे केलं ते पाहून मला तुमचीच आठवण आली. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून तो पत्र्यावरून हात फिरवायला लागला. पिशवीमुळे बोटांना सुईच्या टोकाएवढा खडाही जाणवतो. तुम्ही पुट्टी घासून झाल्यावर डोळे मिटून बसच्या पत्र्यावरून तळहात न्यायचात आणि "इथे अजून पेपर मार" म्हणायचात, ते मी डबा द्यायला यायचे तेव्हा कितीदा पाहिलंय. मीही फिरवून बघितला. डाव्या दारावर खरखर लागली. तिथे त्याने क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा फिरवला, पाणी शिंपडत, अजिबात दाब न देता.

मग जाडी मोजायचं यंत्र काढलं. तुमच्या वेळी पुट्टी, प्रायमर, वर ड्यूको रंगाचे हात, आणि नंतर रबिंग कंपाउंडने घासलं तरी खाली रंग असायचाच. आता कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून जेमतेम १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, असतात. सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ज्यावर सारी चमक, तो साधारण ४० ते ५०. मी रोज पेशंटच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी याच मापात मोजते. तो पडदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यालाही आम्ही किती जपतो! इथे तर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच थर. तो एकदा घासला की परत येत नाही. म्हणून त्याला सांगितलं, मशीन फिरव, पण बारीक पॉलिश आणि मऊ पॅडनेच. एखादा खोल ओरखडा राहिला तरी चालेल. तो म्हणाला, बहुतेक लोक उलटं सांगतात, सगळं आरशासारखं करून द्या म्हणतात. मला वाटतं, ओरखडा काढायच्या नादात क्लिअर कोट संपवणं म्हणजे गाडीचं आयुष्य आधीच खर्च करणं.

पॉलिशनंतर दिव्याखाली तेल उरलंय का ते बघून अल्कोहोलने पुसलं आणि मग सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंग जपणारा एक पातळ, कडक थर. हाताने, छोट्या ठोकळ्यावर कापड गुंडाळून, हातभर जागा एका वेळी. बॉनेट, पुढचा बंपर आणि आरशांवर कोटिंगच्या आधीच पारदर्शक फिल्म चिकटवली होती. खडा उडाला तर त्यासाठी फिल्मच हवी, कोटिंग खडा अडवत नाही. कोटिंगने गाडीला काहीच होत नाही असं सांगून पैसे घेणारे खूप आहेत, हा पोरगा तसं बोलला नाही. कापडी टपाला मऊ ब्रश आणि पाणी न मुरू देणारा वेगळा फवारा.

आणि हे सगळं आपल्याकडे जास्त लागतं, आप्पा. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. त्या उन्हात पक्ष्याची विष्ठा काही तासांतच रंग खाऊ शकते. बोअरच्या पाण्याने धुतली आणि तशीच वाळू दिली की क्षाराचे पांढरे ठिपके बसतात. काळी माती चाकांच्या कमानीत चिकटली की दगड होते. सावदा-रावेरकडून येणाऱ्या केळीच्या ट्रकमागे तर मी गाडी ठेवतच नाही, चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, रंगावर कशाला बघायचा? कोटिंगवर हे सगळं बसतं, पण मुरायला वेळ घेतं, तेवढ्यात धुऊन टाकता येतं. धुणार मी स्वतःच. वॉशिंग सेंटरचा ब्रश तिला लागणार नाही.

एक काम तुमच्यासाठी ठेवलंय. मागच्या बंपरचा लाल मला शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित गडद वाटतो. डिटेलिंगवाला म्हणतो, बंपर प्लास्टिकचा, त्यावर धातूचे कण वेगळे बसतात, तेवढा फरक येतोच. मला तुमच्या डोळ्यांनी हवं आहे. सकाळच्या उन्हात, तुम्ही बघायचात तसं, तिरपं उभं राहून. त्या पोराला तुमच्याबद्दल सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, आप्पांना दुकानावर आणा, हाताने रंग जुळवायचा कसा ते मला शिकायचंय." मी हो म्हणून टाकलंय.

येताना तापी लाइनची सकाळी पोचणारी गाडी बघा. स्टेशनवर मी जुनीच गाडी घेऊन येईन, नवीत तिघं बसत नाहीत आणि आईच्या पिशव्या तर मुळीच नाहीत. आई, नव्या गाडीची सीट फार खाली आहे. आधी पाठ करून बसायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे, म्हणजे गुडघ्यावर भार येणार नाही. भरताची वांगी आता छान यायला लागली आहेत, हंगाम संपायच्या आत या. आप्पांच्या कानाची तपासणी इथेच करू, वेळ घेऊन ठेवते.

तुमची,
धाकटी