गाठ तपासायला सांगणाऱ्या मास्तरांस

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

हे पत्र जाहीर लिहिते आहे, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "झालं तुझं? चल, पकड दाखव" म्हणून विषय संपवता. आईने दिलेला पेढ्यांचा पुडासुद्धा तुम्ही उभ्या उभ्या संध्याकाळच्या बॅचला वाटून टाकलात. म्हणून म्हटलं, चार लोकांसमोर लिहावं. तुमची नात वाचून दाखवेल तेव्हा मध्ये तोडू नका, शेवटपर्यंत ऐका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लहानपणी मी मास्तरांकडे दोरीचा मलखांब शिकले आणि पुढे कातळ चढायला लागले. नोकरी सांभाळून, रजा साठवून. माउंट अबूच्या ग्रॅनाइटवर लीड करत असताना, म्हणजे दोरी घेऊन सगळ्यांच्या पुढे चढताना, हातातला होल्डच, म्हणजे पकडलेला दगडच, निखळून आला आणि मी खालच्या टप्प्यावर पाठीवर आपटले. कमरेचा पहिला मणका फुटला. जमलेली माणसं "उठवून बसवा, पाणी पाजा" म्हणत होती. माझ्या दोन सोबत्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही, स्ट्रेचर येईपर्यंत डोकं आणि मान धरून बसले, म्हणून आज मी पायाची बोटं हलवू शकते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण त्याच मणक्याच्या आसपास संपतो आणि खाली नसांचा जुडगा सुरू होतो. माझी इजा अपूर्ण आहे. फिजिओथेरपीच्या ताई म्हणतात, आशेला जागा आहे, मुदत मात्र कुणी सांगू शकत नाही.

आता ज्यांनी करायला हवं होतं त्यांच्याबद्दल. ज्या संस्थेच्या भिंतीवर माझा पदक घेतलेला फोटो लावला आहे, तिथून पहिला मेसेज फुलांच्या चित्राचा आला आणि दुसरा संस्थेचं हार्नेस, म्हणजे चढताना कमरेला बांधायचा पट्टा, परत कधी मिळेल याचा. तिसरा आलाच नाही. विमा कंपनीने साहसी खेळाचं कलम दाखवून दावा फेटाळला. आमच्या खालच्या वकीलकाकूंनी ते कलम चष्मा लावून पुन्हा वाचलं. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या त्या मजकुरात 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्यास, असे शब्द आहेत. मी एक रुपया कधी यातून कमावला नाही. उलट पगार त्यात घातला. हे दोन शब्द काकूंना रात्री जेवणानंतर सापडतात आणि त्याच कामाचा पगार घेणाऱ्यांना सापडत नाहीत, याचा मला अजून राग आहे. प्रकरण चालू आहे. काकू फी घेत नाहीत.

घरी आणल्यानंतरचे दिवस मात्र वेगळ्याच कारणाने जड गेले. दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची, नाहीतर कातडीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. आई-बाबा पार थकले. तेव्हा समोरच्या बा, ज्यांच्याशी आमचा संबंध वाटीभर साखरेपुरता होता, त्या एका रात्री उशी घेऊनच आल्या आणि आईला म्हणाल्या, "तमे सूई जाओ, हुं बेठी छुं." पुढे बायकांनी आपसात रात्री वाटून घेतल्या. कुणी वही केली नाही, कुणी फोटो काढला नाही. लघवीची पिशवी रिकामी करताना बांनी कधी नाक मुरडलं नाही की तोंड फिरवलं नाही. हात धुवायच्या आणि परत जपमाळ घेऊन बसायच्या. त्यांचं ऋण वेगळं आहे, ते मी त्यांना गुजरातीत लिहीन.

पण मास्तर, त्या सगळ्या प्रेमातसुद्धा एक गोष्ट मला आतून पोखरत होती. कुणीच मला काही विचारत नव्हतं. "जेवली का ती?" हे आईला. "कंबरेला लागतंय का तिच्या?" हे ताईंना. मी तिथेच, दीड हातावर. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस लोंबकळत असताना बिले धरणारी, म्हणजे त्याची दोरी सांभाळणारी मी, माझ्या शब्दावर लोक कड्यावरून मागे झुकायचे. आणि आता मी पंखा तीनवर करा म्हटलं तरी आधी कुणीतरी आईकडे बघायचं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. म्हणून बोलताही येत नव्हतं.

आणि मग तुम्ही आलात.

तुम्ही आधी फिजिओथेरपीच्या ताईंना भेटून आला होतात, हे मला नंतर कळलं. वर ओढून घ्यायला परवानगी आहे का, किती, कशी, सगळं विचारून. आपल्या बडोदे शहरात आखाड्याच्या मास्तरांकडे हाड बसवायला जायची जुनी रीत. जुम्मादादांच्या आखाड्यात प्रो. माणिकरावांकडे लांबून लोक यायचे म्हणतात. तेव्हा निम्मी गल्ली तुमच्याकडे आशेने बघत होती, की मास्तर आता तेल काढतील. तुम्ही दारातच सांगितलंत, "मणक्याला मी हात लावणार नाही. ते डॉक्टरांचं काम. माझं काम दोरी." ज्याला चार गोष्टी येतात त्याने पाचवीबद्दल असं स्वच्छ नाही म्हणणं, हे मी या आजारपणात फार कमी पाहिलं. ओळखीतल्या एका गृहस्थांनी तर महिन्यात उभी करून दाखवतो म्हणून बाबांकडून आगाऊ पैसे घेतले होते.

आमचा झोपाळा तुम्ही उतरवलात. आजोबांच्या वेळचा शिसवी झोपाळा, त्याच्या पितळी साखळ्या बाबांनी आणि तुम्ही मिळून वर्तमानपत्रावर नीट मांडून ठेवल्या. माझी खाट सरकवून बरोबर आढ्यातल्या कड्यांखाली आणली. पिशवीतून दोरी काढलीत. आखाड्यातलीच, सुती, हातांनी हातांनी मऊ झालेली, एरंडेलाचा तोच वास. स्टुलावर चढून कडीला बांधलीत आणि खाली उतरून स्वतः लटकलात. पाय जमिनीपासून वर, डोळे मिटलेले. सत्तरी ओलांडलेला माणूस! आई "अहो मास्तर" म्हणून ओरडली.

इथपर्यंत कुणीही प्रेमळ माणूस करेल. पुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही दोरी माझ्या हातात दिली नाहीत. खालच्या टोकाला माझ्या मुठींसाठी जो फास केला होता, तो माझ्या डोळ्यांसमोर धरलात आणि म्हणालात, "गाठ तपास. तू हो म्हटल्याशिवाय भार टाकायचा नाही."

आईकडे पाहिलं नाहीत. ताईंकडेही नाही.

मी पाहिली. गाठ उलटीपालटी करून, बोटांनी दाबून, चढणारा माणूस पाहतो तशी पाहिली. फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ होती, वळसे समांतर होते, पण सुटं टोक आखूड होतं. भार आला की सुती दोरी सरकते, गाठ आवळते आणि आखूड शेपूट आत ओढलं जातं. मी म्हटलं, "मास्तर, शेपूट लहान आहे." खोलीत सगळे गप्प. तुम्हाला चूक दाखवणं म्हणजे काय, ते आखाड्यातली मुलंच जाणतात. तुम्ही "बरोबर" म्हणालात, सगळी गाठ सोडलीत आणि वीतभर शेपूट ठेवून परत बांधलीत. पुन्हा माझ्यासमोर धरलीत. मी हो म्हटलं. मग भार टाकला.

त्या दिवशी मी किती वर उचलले गेले ते सांगण्यासारखं नाही, पाठ गादीपासून जेमतेम सुटली असेल. पण अपघातानंतर माझ्या शब्दावर पहिल्यांदा काहीतरी ठरलं होतं. शेपूट तुम्ही मुद्दाम आखूड ठेवलं होतंत का, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

मला त्या काळात उदाहरणं फार ऐकवली गेली. मुरलीकांत पेटकरांचं, ज्यांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि ज्यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. मेजर अहलुवालियांचं, जे १९६५च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर उभे होते, त्याच वर्षीच्या युद्धात मणक्यात गोळी लागून कायमचे खुर्चीला खिळले आणि पुढे दिल्लीत मणक्याच्या रुग्णांसाठी मोठं इस्पितळ उभं केलं. ही माणसं डोंगराएवढीच आहेत, त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो त्या दिवसात पदकाची गोष्ट ऐकली की छातीवर आणखी एक ओझं येतं. तुम्ही एकही उदाहरण दिलं नाहीत. रोज सकाळी यायचात, गाठ माझ्याकडून तपासून घ्यायचात, "दंडात जोर आला की बाकीचं बघू" म्हणायचात आणि चहा घेऊन जायचात.

दंडात जोर आला, मास्तर. खाटेवरून खुर्चीत आता मी एकटी जाते. पट्टे बांधून दोन दांड्यांमध्ये उभी राहते, आणि सुरुवातीला उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची ती थांबली आहे.

खुर्ची आल्यावर प्रश्न आला पायऱ्यांचा. आमच्या इमारतीला तीन पायऱ्या, मिळून १८ इंच उंची. एका इंचाच्या चढाला बारा इंच लांबी धरावी लागते, म्हणजे १८ फुटांचा उतार. कमिटीने अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं की दोन स्कूटरची जागा जाते. अजून तो अर्ज तसाच आहे. दरवर्षी गणपतीचा मांडव उभारणारी आपली पोरं आली, तुम्हीच पाठवलीत असं ती सांगतात, तुम्ही नाकारता. मांडवाच्याच फळ्या नि लोखंडी चौकट घेऊन त्यांनी मध्ये वळण देऊन दोन तुकड्यांचा उतार केला. ऑफिसला जाताना त्यातले दोघे लावतात, रात्री उचलून जिन्याखाली ठेवतात, म्हणजे कुणाच्या स्कूटरची अडचण नको. या मुलांच्या ढोलाबद्दल आमच्या इमारतीतून पोलिसांत तक्रार गेली होती, त्याच मजल्यांवरून. त्यांनी ते एकदाही काढलं नाही. पावसात फळी निसरडी होऊ नये म्हणून परवा एकाने तिच्यावर काथ्याची पट्टी ठोकली. माझ्याकडून खिळ्यांचे पैसे घ्यायला तयार नाही.

माणसात चांगुलपणा आहे की नाही यावर वाद घालायला मला आता वेळ नाही. मी तो रात्री अडीच वाजता जपमाळेसकट बसलेला पाहिला आहे, आणि त्याच्यासाठी कुठलं पद किंवा लेटरहेड लागत नाही हेही पाहिलं आहे.

दोन कामाच्या गोष्टी आणि पत्र संपवते. पहिली, संध्याकाळच्या बॅचमधल्या मोठ्या मुलींना मी गाठी शिकवीन असं कबूल केलं होतं, ते गुरुवारपासून सुरू करू. मला आखाड्याच्या दारापर्यंत आणून सोडायला पोरं आहेत, तुम्ही रिक्षा शोधत बसू नका. दुसरी, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तुमच्या नातीने आईला सांगून टाकली आहे. डोळ्यात थेंब टाकायचं वेळापत्रक माझ्याकडे पाठवा, फोन करून आठवण मी करीन. त्या आठवड्यात दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून येईल. आईने भाज्यासुद्धा ठरवल्या आहेत. नाही म्हणू नका.

तुमची,
दोरीच्या बॅचमधली