बायसनच्या शिक्क्याखाली बसणाऱ्या मंत्रिमहोदयांस खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
अंतर्गत खाते, अमेरिकेची संयुक्त संस्थाने,
वॉशिंग्टन

सादर नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, यंदा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सिनसिनाटीजवळच्या आमच्या ओढ्याकाठच्या पायवाटेवर तणनाशकाची फवारणी झाली, आणि ज्या रोपांची मी अकरा वर्षे नोंद ठेवत आले ती ऐन फुलोऱ्यात जळाली. संकटग्रस्त वनस्पती-प्राण्यांची यादी आपलेच खाते ठेवते, म्हणून याच विषयावर मी त्याला इंग्रजीतून तीन पत्रे पाठवली आणि तिन्हींना 'आपले पत्र मिळाले' एवढेच उत्तर संगणकाने दिले. पत्र वाचले जाणारच नसेल, तर निदान ज्या भाषेत मला नीट रागावता येते त्या भाषेत ते लिहावे असे ठरवले. आणि आपण नाही तर माझ्या माणसांनी तरी वाचावे, म्हणून ते खुले ठेवले आहे.

या वनस्पतीचे नाव रनिंग बफेलो क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे तीन दलांच्या पानांचे बुटके रोप. इथे बफेलो म्हणजे म्हैस नव्हे, तर अमेरिकेतला बायसन, आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद. माझी आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा वाकून पाहून म्हणाली होती, "अगं, ही तर आंबुशी!" आंबुशी ती नव्हे, पण पानांची तीन दले पाहून कुणीही तसेच म्हणेल. ही बहुवर्षायू वनस्पती हरळीसारखी जमिनीलगत धावते आणि पेरापेराला मूळ धरते. नावातला 'रनिंग' तो हाच. अंगणोअंगणी उगवणाऱ्या साध्या पांढऱ्या क्लोव्हरपासून ती वेगळी ओळखण्याची खूण फुलोऱ्यात सापडते. पांढऱ्या क्लोव्हरच्या फुलाचा दांडा सरपटणाऱ्या खोडातून बिनपानांचाच वर येतो, तर हिच्या दांड्यावर, पांढऱ्या गेंदाच्या अगदी खाली, दोन त्रिदली पाने समोरासमोर असतात. फवारणी करणाऱ्या माणसाला ही खूण दाखवायला मला अर्धे मिनिट पुरले असते. ते अर्धे मिनिट कुणी मागितले नाही.

तिचे राहणे जरा अवघड आहे, हे मी मान्य करते. दाट सावलीत ती खुरटते, आणि उघड्या रानात इतर गवते तिला दडपतात. तिला ओल धरणारी, बहुधा चुनखडीची जमीन लागते, झाडांतून गाळून येणारे ऊन लागते, आणि अधूनमधून कुणीतरी ती जागा तुडवावी, चरावी किंवा कापावी लागते. पूर्वी हे काम बायसनचे कळप करीत. ओहायो नदीच्या पलीकडे, आमच्यापासून तासाभराच्या आत, केंटकीत बिग बोन लिक नावाची जागा आहे. तिथल्या खाऱ्या पाण्यासाठी बायसन येत आणि त्यांच्या खुरांनी जंगलातून रस्ते पडत. त्या रस्त्यांच्या कडांवर ही वनस्पती नांदली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मिसिसिपी नदीच्या पूर्वेचे बायसन बंदुकीने संपवले गेले, आणि त्यानंतर ती गुरांच्या वाटा, जुनी कबरस्ताने, लाकूडतोडीचे जुने रस्ते अशा आडोशांना कशीबशी तग धरून राहिली. माझ्या आजोळी गायरान होते, तिथे गुरे फिरणे बंद झाल्यावर पाचसहा वर्षांत घाणेरी कशी माजली ते मी लहानपणी पाहिले आहे. त्यामुळे 'रान एकटे सोडले की आपोआप सुधारते' हे पुस्तकी वाक्य माझ्या गळी कधीच उतरले नाही.

1940 नंतर या वनस्पतीची कुठे नोंदच झाली नाही आणि ती नामशेष झाली असे धरले गेले. 1983 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ती पुन्हा सापडली. 1987 मध्ये आपल्या खात्याने तिला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातले, आणि 1989 मध्ये मिझुरी राज्यातल्या सेंट लुइसच्या एका घरी बागेसाठी आणलेल्या मातीतून तिची रोपे उगवली, म्हणजे जी शास्त्रज्ञांना मिझुरीत मिळत नव्हती ती ट्रकमधून घरपोच आली. पुढे शोध वाढला, लोक ओणवे होऊन पाहू लागले, आणि दीडशेहून अधिक ठिकाणी ती असल्याचे कळले. मग 2021 मध्ये आपण तिला यादीतून काढले. त्या दिवशी मीही पेढे वाटले, महोदय. मला वाटले की आपण जिंकलो.

त्याच वर्षी आमच्या स्थानिक उद्यानांचे काम पाहणाऱ्या साहेबांनी भर बैठकीत शब्द दिला होता की यादी बदलली तरी वेळापत्रक बदलणार नाही: फुले येऊन बी पडेपर्यंत गवत कापायचे नाही, त्यानंतर एकदा जरूर कापायचे, आणि कडेने फवारणी कधीच करायची नाही. साहेब बदलले. शब्द बहुधा त्यांच्याबरोबरच बदलून गेला. यंदाच्या फवारणीबद्दल विचारले तेव्हा नव्या साहेबांनी अत्यंत सभ्यपणे सांगितले, "मॅडम, ती प्रजाती आता यादीत नाही." हे त्यांनी असे सांगितले, की जणू यादीतून नाव गेले म्हणजे जमिनीतून मूळही गेलेच पाहिजे.

फवारणीत निळा रंग मिसळतात, कुठे मारले आणि कुठे राहिले ते कळावे म्हणून. मी गेले तेव्हा चाळीस पावलांच्या पट्ट्यात पाने निळसर होऊन गुंडाळली गेली होती, दांडे मान मोडल्यासारखे वाकले होते, आणि माझी नंबर लिहिलेली एक खुंटीसुद्धा निळी झाली होती. गेल्या वर्षी तिथे मी तीनशे बारा रोपे मोजली होती. दुसऱ्यांदा मोजली तेव्हा तीनशे चाळीस भरली, कारण धावत्या खोडांत एक रोप कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते याचा वाद माझा माझ्याशीच चालतो. यंदा सदतीस उरली. हा आकडा मात्र मी तीनदा मोजला.

या अकरा वर्षांत माझा एक गुडघा ऑपरेशनला गेला आणि दुसरा रांगेत आहे. दोनदा गोचीड चावल्याने औषधांचे कोर्स झाले, पॉयझन आयव्हीची पुरळ किती वेळा उठली याची मोजदाद नाही. आमूर हनीसकलची झुडपे उपटून आणि गार्लिक मस्टर्डची पोती भरभरून, म्हणजे बाहेरून येऊन इथे माजलेले तण, मी ओढ्यावरून वर वाहिले. नवऱ्याच्या साठीच्या दिवशीही सकाळी मी तिथेच होते, आणि त्याबद्दलचे ऐकणे आजतागायत चालू आहे. एक पैसा मागितला नाही. पायवाटेच्या कडा 'स्वच्छ' दिसाव्यात म्हणून आणलेल्या तणनाशकाच्या त्या डब्याला वीस डॉलर पडले की चाळीस, ते आपण हिशेबनिसाला विचारावे. माझ्या श्रमांची किंमत त्या डब्याने मला अचूक सांगितली आहे.

आणि कायद्याचे काय सांगावे! संकटग्रस्त प्रजातींच्या 1973 च्या आपल्या कायद्यात संकटग्रस्त प्राण्याला खासगी जमिनीवर मारणे गुन्हा आहे, पण संकटग्रस्त वनस्पती खासगी जमिनीवर मालकाने उपटली तर, राज्याचा स्वतंत्र कायदा आड येत नसेल, तर त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे यादीत असतानाही ही बिचारी दुय्यमच होती. जिला पळता येत नाही तिलाच संरक्षण कमी. यादीतून काढल्यावर किमान पाच वर्षे लक्ष ठेवावे असे तोच कायदा म्हणतो, पण ते कुणाच्या डोळ्यांनी? आमच्या ओढ्यावर गेल्या तीन वर्षांत मला माझ्याशिवाय वही घेतलेला माणूस दिसलेला नाही. सगळी यंत्रणा कागदावर नाव चढवणे आणि उतरवणे यातच दमून जाते. या वनस्पतीची गरज कागदाची कधीच नव्हती. बायसनचे काम दरवर्षी कुणीतरी वेळेवर करावे, एवढीच होती. ते काम संपत नाही, महोदय, स्वयंपाकासारखे ते रोज उरते, आणि आपण मात्र ते 'पूर्ण झाले' म्हणून फाइल मिटवली.

आपल्या खात्याच्या शिक्क्यावर बायसन आहे. 2016 पासून तो राष्ट्रीय सस्तन प्राणीही आहे, त्याचे अभिनंदन. शिक्क्यावरच्या बायसनच्या पायाखाली दोन-चार तीनपानी रोपे चितारून घ्यावीत असे मी सुचवणार होते, पण मग त्यांवरही कुणीतरी फवारेल.

मागणे थोडे आहे. आमच्या पट्ट्यावर फवारणी थांबवण्याचे लेखी पत्र स्थानिक कचेरीला जावे, कापणीचे जुने वेळापत्रक भिंतीवर पुन्हा लागावे, आणि निरीक्षणासाठी आपल्या खात्याचा एक माणूस या जूनमध्ये प्रत्यक्ष यावा. त्याला चिखलात चालणारे बूट घालून पाठवा. दर शनिवारी सकाळी सातला मी टेप, खुंट्या आणि वही घेऊन तिथे असते. सदतिसातली अकरा रोपे ओढ्याच्या इतकी कडेला आहेत की ती दाखवल्याशिवाय दिसणार नाहीत.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहिण्याची आमच्यात रीत आहे. या वेळी ते लिहिलेले नाही.

कळावे,

ओढ्यावरची एक स्वयंसेविका,
सिनसिनाटी, ओहायो