रुग्णालयात ग्रंथपालाचं टेबल हवं

महोदय,

ओपीडीतून केसपेपर घेऊन बाहेर पडलेला माणूस लोकल येईपर्यंत मोबाइलवर आजाराचं नाव टाकतो आणि पहिलं दिसेल ते वाचतो. ती बरेचदा कुणाची तरी जाहिरात असते. माहिती शोधण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले ग्रंथपाल वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत, पण त्यांची दारं बहुधा विद्यार्थी-डॉक्टरांपुरतीच उघडी.

लोकांच्या तोंडी असतं ते गोळीचं ब्रँडनाव. परदेशी संकेतस्थळांवर ते अनेकदा सापडतच नाही. पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव शोधावं लागतं. त्यातही गंमत अशी, की आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतं आणि दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. एककांचा घोळ वेगळाच. उपाशीपोटी साखरेची मधुमेहाची सीमा ब्रिटनमधल्या पानावर 7 दिसते, आपल्याकडे 126. दोन्ही एकच: तिथलं माप लिटरमागे मिलिमोल, आपलं डेसिलिटरमागे (100 मिलिलिटरमागे) मिलिग्रॅम; तिथल्या आकड्याला 18 ने गुणलं की आपला आकडा. हे ठाऊक नसलेला माणूस स्वतःच्या रिपोर्टवरचे 95 बघून हबकतो.

ग्रंथपाल निदान करत नाही, करूही नये. तो मेडलाइनप्लससारखं (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ) जाहिराती नसलेलं, मोफत पान उघडून देतो, मजकूर शेवटचा कधी तपासला ती तारीख दाखवतो आणि डॉक्टरांना विचारायचे दोन-तीन प्रश्न कागदावर लिहायला लावतो.

पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत औषधांच्या खिडकीशेजारी टेबल, संगणक आणि मराठी-हिंदी बोलणारा ग्रंथपाल, रोज दोन तास, एवढं तरी सुरू व्हावं. प्रिंटरची शाई कुठल्या खात्यातून येणार, ते मात्र आधीच ठरवून घ्यावं.

– एक वैद्यकीय ग्रंथपाल, परळ, मुंबई