तिसऱ्या चढाईचा दम: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सादर नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी २६ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. परीक्षेच्या ताणावर आता शाळाशाळांतून व्याख्याने होतात, ती व्हावीतच; पण मन ताब्यात कसे ठेवावे हे ज्या तासाला मुलांना प्रत्यक्ष करून शिकता येते, तो पी.टी.चा तासच जानेवारी उजाडला की दहावीच्या गणिताला दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या कबड्डी संघात आठवीतली एक मुलगी होती. सरावात ती कुणाच्या हाती लागत नसे. सामन्यात मात्र दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत, जिथे गुण मिळवला नाही तर बाद व्हावे लागते, मध्यरेषा ओलांडताच तिचा दम तुटायचा. आम्ही बाहेरून "घाबरू नकोस" असे ओरडायचो. घाबरायचे नाही म्हणजे नेमके काय करायचे, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते, मीही नाही. मग आम्ही रोज दहा मिनिटे फक्त तिसऱ्या चढाईचा सराव केला आणि बाकीच्या मुलींना मुद्दाम गलका करायला लावला. आपल्या अंगणात उभे राहून एकदा श्वास पूर्ण सोडायचा, कोपऱ्यातल्या खेळाडूच्या पायांवर नजर ठेवायची आणि मगच 'कबड्डी' म्हणत आत शिरायचे. पकडली गेलीच, तर काय चुकले ते एका वाक्यात सांगून विषय तिथेच सोडायचा. ती त्यानंतरही कधी कधी पकडली जाई, पण दम तुटून नाही. अवघड उदाहरण समोर आले की हाच श्वास सोड, हे मी तिला वेगळे सांगितले होते, कारण मैदानावरचे वर्गात आपोआप येत नाही.

नुसत्या खेळण्याने मन घडते, असे मला वाटत नाही. समज नसलेल्या शिक्षकाच्या हाताखाली तोच खेळ एखाद्या मुलाला वर्षभर 'कच्चा लिंबू' करून ठेवतो. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते, याचा मला अतिशय अभिमान आहे. पण हे पत्र तालुक्याच्या संघातही कधी न येणाऱ्या मुलांसाठी आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळाच्या माध्यमातून स्वयंशिस्त आणि सहकार्य शिकवण्याचा उल्लेख आहे. तो वर्गापर्यंत यायचा असेल, तर श्वास, एकाग्रता आणि चुकीनंतर सावरणे कसे शिकवावे याचे मैदानावरचे प्रशिक्षण सेवेतील शिक्षकांना द्यावे, आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी कागदावर न भरता मुलांचा खेळ पाहून द्यावी आणि हा तास दुसऱ्या विषयाला देण्यास स्पष्ट मनाई करावी. पुढील वर्षाचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी निदान ही शेवटची सूचना शाळांपर्यंत पोहोचावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक