जुने अॅप्लिकेशन कंटेनरमध्ये हलवण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. इतकी वर्षे एकाच सर्व्हरवर चाललेले अॅप्लिकेशन डॉकरमध्ये, म्हणजे अॅप आणि त्याला लागणारे सारे एका बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात, हलवायचे तुम्ही ठरवलेत आणि डॉकरफाइल, म्हणजे कंटेनरची इमेज (साचा) कशी बांधायची याची कृती, पहिल्याच दिवशी लिहून झाली, हे वाचून मला आनंदापेक्षा काळजीच अधिक वाटली. डॉकरफाइलला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो जुन्या सर्व्हरने आजवर मुकाट्याने काय काय सांभाळले, हे हुडकण्यात.

आमचे अॅप हलवताना आम्ही ते हुडकले नाही. नवी इमेज चढवताना जुना कंटेनर काढून टाकला आणि वापरकर्त्यांनी आठवडाभर अपलोड केलेल्या फाइली त्याच्यासोबत गेल्या, कारण कंटेनरच्या आत लिहिलेली जी गोष्ट व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या साठ्यावर) नसते, ती कंटेनर काढला की संपते. जुन्या सर्व्हरवर तो एक साधा फोल्डर होता, म्हणून त्याची आठवणच कोणाला झाली नाही. रात्री चालणारे क्रॉनचे (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामचे) कामही असेच मागे राहिले, आणि ते बंद पडल्याचे कळायला महिनाअखेर उजाडावी लागली.

डेटाबेसचा पत्ताही तपास. कंटेनरमधून लोकलहोस्ट, म्हणजे ‘हेच यंत्र’, म्हटले की त्याचा अर्थ तो कंटेनरच होतो. डेटाबेसही कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकरच्या साधनात) असेल, तर तिथे त्याच्या सर्व्हिसचे नाव द्यावे लागते. उलट बाजूने, अॅप १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त लोकलहोस्टवर, ऐकत असेल तर पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोहोचत नाही, त्याला ०.०.०.० वर (सर्व पत्त्यांवर) ऐकायला लावावे लागते. शिवाय कंपोजमध्ये डिपेंड्स-ऑन (आधी काय सुरू व्हावे ते सांगणारी ओळ) लिहिले म्हणजे डेटाबेस सज्ज होईपर्यंत अॅप थांबेल असे समजू नकोस. साध्या रूपात ते फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट पाहते, म्हणून डेटाबेसला हेल्थचेक (तो सज्ज आहे का याची तपासणी) जोड आणि डिपेंड्स-ऑनमध्ये तो ‘हेल्दी’ असण्याची अट घाल.

पासवर्डची फाइल इमेजमध्ये कॉपी करून पुढच्या ओळीत पुसण्याची युक्ती तू लिहिली आहेस, ती कृपा करून सोड. डॉकरफाइलमधल्या अशा प्रत्येक ओळीचा वेगळा थर बनतो, प्रत्येक थर इमेजमध्ये तसाच राहतो, आणि वरच्या थरात पुसलेले खालच्या थरातून कोणालाही काढता येते.

कंटेनर थांबायला दर वेळी १० सेकंद लागतात, ही तुझी तक्रार ओळखीची आहे. तुझे अॅप शेलमधून (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममधून) सुरू होत असावे. थांबण्याचा सिग्नल शेलपाशीच अडतो आणि १० सेकंद वाट पाहून डॉकर प्रोसेस मारून टाकतो. डॉकरफाइलमधली सीएमडीची (अॅप सुरू करण्याची) ओळ चौकोनी कंसांत, यादीच्या रूपात लिहून पाहा.

डेटाबेस तूर्त आहे तिथेच राहू दे. पुढच्या पत्रासोबत जुन्या सर्व्हरच्या क्रॉनटॅबची (क्रॉनच्या कामांच्या यादीची) नक्कल आणि अॅप ज्या ज्या फोल्डरमध्ये लिहिते त्यांची यादी पाठव. डॉकरफाइल मी त्यानंतर पाहीन.

तुझा मित्र