खत घालण्याआधी मुळे पाहा

संपादक महोदय,

पान पिवळे पडले की खत घाला, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यापायी फांदीपासून लावलेली रोपे हकनाक मरतात, म्हणून हे पत्र. माझी जास्वंदीची अकरापैकी सात रोपे अशीच गेली. मुळे फुटायच्या आत मी युरिया घातला. उपटून पाहिले तर बुंधा काळा, मऊ, कुजका वास. कुंडीचे भोक बुजून आत पाणी साचले होते, खताची गरजच नव्हती.

आता मी आधी कोणते पान पिवळे आहे ते पाहते. खालची जुनी पाने सरसकट फिकी पडली, तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी. झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याकडे नेते. शेंड्याची पाने पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा) ७ च्या वर असला की मातीत लोह असूनही मुळांना ते नीट घेता येत नाही.

मुळे नसलेल्या फांदीचे एखादे खालचे पान गळाले तर घाबरू नये. तिला सावली, दमट हवा आणि जेमतेम ओलसर माती पुरते. आजारी झाडाची फांदी मात्र घेऊच नये, विषाणू तिच्यासोबत येतो.

बागकामाच्या सदरात हे जरूर सांगावे, ही कळकळीची विनंती.

एक वाचक