कोठीच्या खोलीचं ठरवलंय

ब्रसेल्स

ती. आई-बाबांना शि. सा. न.

बाबा, रागावू नका. कोठीच्या खोलीत संडास-बाथरूम करायचं मी ठरवलंय आणि गवंड्याला आगाऊ पैसेही पाठवलेत. आजोबांच्या घरात तोडफोड नको, हे तुमचं म्हणणं मी विसरलेले नाही. पण रात्री दोन-तीनदा उठून तुम्ही मागच्या पडवीतून जाता, पावसाळ्यात तिथली शहाबादी निसरडी होते, आणि तुम्ही परत येईपर्यंत आई जागी असते. इथे मलाही झोप लागत नाही.

रविवारी व्हिक्टर ओर्टांचं घर पाहून आले. या आर्किटेक्टनं ते १८९८ ते १९०१ मध्ये स्वतःसाठी बांधलं. आता तिथे संग्रहालय आहे. जिन्यावर वळणदार काचेचं छत, वरती समोरासमोर आरसे, त्यामुळे उजेड पार खालपर्यंत उतरतो. लोखंडी कठडा वेलीसारखा वर चढत जातो. दारांच्या मुठीसुद्धा त्यांनी स्वतः आखलेल्या. आई, जेवणघराच्या भिंतींना झिलईच्या पांढऱ्या विटा आहेत. ओलं फडकं फिरवलं की स्वच्छ, तुला फार आवडल्या असत्या.

आणि बाबा, एवढ्या देखण्या घरात, स्वतःच्या पलंगाशेजारच्या कपाटात त्यांनी लघवीची सोय करून ठेवली होती. दार लावलं की बाहेरून काही कळत नाही. तेव्हा ते जेमतेम चाळिशीचे होते. तेव्हा हे म्हातारपणाचं लक्षण वगैरे मनात आणू नका. घर बांधणाऱ्यानंच घराची शोभा राखून ही सोय केली होती; आजोबांनीही तुमच्यासाठी केलीच असती.

रंगीत फरशीला, देवळीला, फडताळाला कुणी हात लावणार नाही, मी लिहून घेतलंय. कमोड, गरम पाणी, धरायला दांडी, न घसरणारी लादी, सगळं पलंगापासून चार पावलांवर.

लहानपणी मला त्या पडवीची भीती वाटायची. तुम्ही बॅटरी घेऊन बाहेर उभं राहायचात आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं रामरक्षा म्हणायचात. एकदाही कंटाळला नाहीत.

काम होईपर्यंत दोघं कोथरूडला मावशीकडे राहा. आई, धुळीत पोळ्या लाटत बसू नकोस, दम्याचा पंप पर्समध्ये ठेव. बाबा, रात्री बोळातला दिवा चालू ठेवा, बिल मी भरते. लादीचा रंग तुम्ही दोघांनी निवडा.

गवंडी सोमवारी येईल. त्याला दारातून परत पाठवू नका.

तुमची,
धाकटी